पांधणीवरची कालरेषा : पिसदुरा शिवारातल्या प्रकल्पाच्या नोंदी

९ जानेवारी : प्रमाण

वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा परिसरात वावरांमधून जाणाऱ्या पांधणीवर काळाची एक रेषा आखायची, हे काम. या शिवारात डायनोसॉरांची हाडं आणि त्यांचे विष्ठाश्म (दगड झालेली विष्ठा) वखराच्या पासेला लागतात. लोक येतात, बघतात, ‘साडेसहा कोटी वर्षं’ हा आकडा ऐकतात आणि परत जातात. आकडा कानावरून जातो, अंगात उतरत नाही. तो पायांनी मोजता यावा, यासाठी ही रेषा.

अशा रेषा अनेक ठिकाणी १ मीटर = १० लाख वर्षं या प्रमाणात आखतात, कारण मग पृथ्वीचं ४६० कोटी वर्षांचं वय ४.६ किलोमीटरात बसतं. आम्ही ते प्रमाण घेतलं नाही. त्यात ऐंशी वर्षांचं आयुष्य ०.०८ मिलिमीटर होतं, ते नुसत्या डोळ्याला वेगळं काढता येत नाही. आणि जे दिसत नाही त्याची कुणाशी तुलना होत नाही.

ठरलेलं प्रमाण : १ मीटर = १ लाख वर्षं. शून्य म्हणजे आज, तिथे एक शिळा. म्हणजे १ सेंटिमीटर = १,००० वर्षं, १ मिलिमीटर = १०० वर्षं, १०० मीटर = १ कोटी. ऐंशी वर्षांचं आयुष्य ०.८ मिलिमीटर. जाड पेन्सिलीच्या एका रेघेएवढं, पण दिसणारं. या प्रमाणात पृथ्वीचा जन्म ४६ किलोमीटरवर जातो, साधारण वरोऱ्याहून चंद्रपूर गाठावं इतका. तो सोडला. आपल्याला इथल्या मातीत जे आहे तिथपर्यंतच जायचं आहे.

१६ जानेवारी : शेवटची खूण कुठे

रेषा कुठे संपवायची यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची कड या भागात येते. लाव्ह्याच्या खाली जिथे झीज होऊन जुने थर उघडे पडलेत, तिथे लॅमेटा थर दिसतात : लालसर आणि हिरवट चिकणमाती, वालुकाश्म, चुनखडीचे पट्टे. हाडं आणि विष्ठाश्म यांतले. वर लाव्हा आणि खाली लॅमेटा, त्यामुळे लॅमेटा आधीचे हे नक्की. किती आधीचे, हे मात्र एका आकड्यात सांगता येत नाही. ते मास्ट्रिख्टियन काळातले, म्हणजे सुमारे ७.२ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या टप्प्यातले.

आमच्या रेषेवर हा टप्पा ६६० मीटरपासून ७२० मीटरपर्यंत जातो. साठ मीटर. तिथे एकच खांब रोवून ‘डायनोसॉर इथे’ असं लिहिणं खोटं ठरेल. म्हणून ६६० ते ७२० हा पूर्ण पट्टा दोन्ही धुऱ्यांच्या (बांधांच्या) कडेने बारीक पांढऱ्या गोट्यांनी आखायचा. खांब नाही. माणसाने त्या पट्ट्यात चालावं आणि कळावं की ज्या प्राण्याचं हाड त्याने पाहिलं तो या साठ मीटरांत कुठेतरी जगला आणि मेला, त्याहून जवळ आपल्याला जाता येत नाही. आणि माणूस ही जात पृथ्वीवर आल्यापासूनचा सगळा काळ या रेषेवर तीन मीटरांत आटपतो. एका मृत्यूची तारीख सांगण्यातली आपली अनिश्चितता आपल्या सगळ्या जातीच्या आयुष्याच्या वीसपट आहे.

रेषेची एकूण लांबी ७२० मीटर.

२८ जानेवारी : मोजणी

साहित्य : ३० मीटरची पोलादी टेप, टेप ताणायला स्प्रिंगचा काटा, चुन्याची पिशवी, बांबूच्या खुंट्या २५.

टेप प्रत्येक वेळी साधारण ५ किलोच्या ताणाने ओढायची. सैल टेप गवतावरून आणि चाकोरीच्या वरंब्यावरून उचलली जाते आणि अंतर जास्त दाखवते. मापचाक वापरू नये. ढेकळांवर ते उड्या मारतं, मऊ मातीत घसरतं, आणि चूक नेहमी एकाच बाजूची नसल्यामुळे दुरुस्त करता येत नाही. मोबाइलवरचं जीपीएस तर या कामाचंच नाही. त्याची चूक मोकळ्या शिवारातही ३ ते ५ मीटर असते, म्हणजे आमच्या रेषेवर ३ ते ५ लाख वर्षं. त्यात अख्खा माणूस हरवतो.

उताराचा प्रश्न निघाला. सुमारे २०० मीटर पांधण ३ अंशांनी उतरते. नकाशावरचं आडवं अंतर धरलं तर तेवढ्या भागात २७ सेंटिमीटरचा फरक पडतो. निर्णय : जमिनीवरून, पायाखालचं अंतर मोजायचं. रेषा चालण्यासाठी आहे, नकाशासाठी नाही.

पांधण सरळ नाही. वळणावर बंडीच्या दोन चाकोऱ्यांच्या मधून मोजायचं, आतल्या कडेने नाही. आतल्या कडेने मोजलं की प्रत्येक वळणाला अर्धा-एक मीटर चोरीला जातो.

मोजणी दोन्ही दिशांनी करायची. जाता-येता मिळून १० सेंटिमीटरपर्यंतचा फरक चालवून घ्यायचा. ही मर्यादा भू-मोजणीच्या दृष्टीने कडक आहे. आणि तरी १० सेंटिमीटर म्हणजे १०,००० वर्षं, माणसाने पेरायला शिकल्यापासूनचा जवळजवळ सगळा इतिहास. तेवढा आपण इथे ‘मोजणीतली चूक’ म्हणून सोडून देतो. हे वाक्य शून्याच्या शिळेजवळच्या माहितीत घ्यायचं.

११ फेब्रुवारी : खांब आणि काळी माती

खांब काळ्या दगडाचे : १५ × १५ × १२० सेंमी, वजन प्रत्येकी ७५ ते ८० किलो. शंभर मीटरला एक. शून्याजवळ शिळा असल्याने १०० ते ७०० असे सात खांब. त्याशिवाय अधल्यामधल्या टप्प्यांसाठी ६० सेंमीचे बुटके दगड. लाकडी खांबाला उधई लागते, लोखंडी पाटी कुणीतरी काढून नेतं, व्हिनाईलचा फलक विदर्भाच्या उन्हात पांढरा पडतो. काळ्या दगडाला आणखी एक कारण आहे : तो त्याच लाव्ह्यातला. ज्या थराने इथलं सगळं झाकून टाकलं, त्याच्याच तुकड्यावर आपण आकडे कोरतो.

खड्डा कसा घ्यायचा हे नीट लिहून ठेवतो, कारण काळ्या मातीत बहुतेक खांब चुकीच्या भरावामुळे पडतात, चुकीच्या दगडामुळे नाही.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. खांबाभोवती सिमेंटची कॉलर भरली तर फुगणारी माती त्या कॉलरीला चिकटून तिला वर ढकलते, आणि आकसताना ती पुन्हा मूळ जागी बसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत खांब वर येतो आणि कलतो. नुसती वाळू भरणंही चुकीचं : वाळूत पाणी साठतं आणि आजूबाजूच्या मातीला सावकाश पाजत राहतं. लागतो तो चिकटपणा असलेला पण न फुगणारा मुरूम. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवरच्या बांधकामांसाठी अशाच न फुगणाऱ्या, चिकट मातीच्या थराची पद्धत मांडली. आम्ही तेच तत्त्व लहान प्रमाणात वापरतो.

खड्डा ९० सेंमी खोल, ६० × ६० सेंमी तोंडाचा. तळाशी ४० सेंमी मुरूम, १० सेंमीच्या थरांनी पाणी शिंपडून धुम्मस मारून. मग खांब ओळंब्यात उभा करून बाजूने पुन्हा मुरूम, त्याच पद्धतीने. पाणी इतकंच की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि टाकल्यावर फुटावा. वर १० सेंमीचा उंचवटा, म्हणजे पाणी खांबापासून दूर जाईल. ५० सेंमी जमिनीत, ७० सेंमी वर.

खांब पांधणीत नाही, धुऱ्याला लागून. ट्रॅक्टरच्या मागचं रोटाव्हेटर वळताना लागेल तिथे तर नाहीच.

कोरणं पाथरवटाकडून : अक्षर ४ सेंमी उंच, खोली ५ मिमी. मशीनची १ मिमी कोरणी रंगावर अवलंबून असते, आणि रंग उडाला की दगड मुका होतो.

२ मार्च : शून्याची शिळा

रेषेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम पहिल्या १५ सेंटिमीटरांत आहे.

घोटलेल्या काळ्या शिळेत ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस पोलादाची १५ सेंमीची पट्टी बसवली. मिलिमीटरच्या रेघा कोरलेल्या, रेघेची जाडी ०.२ मिमी. पट्टी दोन्ही टोकांना घट्ट बसवू नये. पहाटे १० अंश आणि मे महिन्यात भर दुपारी दगडाच्या अंगावर ६० अंश धरले तर ही पट्टी ०.१३ मिमी लांबते. घट्ट असेल तर मधून उचकटते. म्हणून शून्याकडचं टोक पक्कं, दुसऱ्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक.

०.१३ मिमी म्हणजे १३ वर्षं. उन्हाळ्यानं पट्टी एका बालपणाएवढी वाढते, हिवाळ्यात परत घेते.

पट्टीवर कोरलेल्या खुणा : ०.८ मिमी, ऐंशी वर्षांचं आयुष्य. १.६ मिमी, १८६३. ३.५ मिमी, रायगडावरचा राज्याभिषेक. ७.३ मिमी, ज्ञानेश्वरांची समाधी. २५ ते ३० मिमी, विदर्भातली शिळावर्तुळं. ११७ मिमी, शेवटच्या हिमयुगाचा शेवट. पट्टी इथे संपत येते.

१८६३ का, हे विचारलं जाईल. नागपूरला राहणारे स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी. १८६०च्या सुमाराला पिसदुऱ्याची हाडं अभ्यासकांपर्यंत पोचली ती त्यांच्यामुळे. ४ सप्टेंबर १८६३ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात ते बुडाले. शिळावर्तुळं म्हणजे लोहयुगातल्या लोकांची दफनं : गोल मांडलेले धोंडे, आत माती-दगडांचा भराव, खाली माणसं, भांडी, लोखंडाची अवजारं, माहुरझरीला तर घोड्यांचे सांगाडे आणि त्यांचे तांब्याचे अलंकार. साडेसहा कोटी वर्षांची हाडं हाताळलेला माणूस तीन हजार वर्षांपूर्वीची मरणं पाहून येताना गेला. पट्टीवर तो आणि ती दफनं यांच्यात तीन सेंटिमीटरही नाहीत. त्याने उचललेल्या हाडाकडे जायला अजून ६६० मीटर चालायचंय.

१९ मार्च : मधले दगड

निवडीचा नियम : ज्याचा काळ बऱ्यापैकी पक्का आहे आणि ज्याचा इथल्या माणसाशी किंवा जमिनीशी संबंध लागतो तेच.

३ मीटर : माणूस, आपली जात. ५.७ मीटर : लोणारचं विवर. ६० ते ७० मीटर : आपली आणि चिंपांझीची वाट वेगळी झाली, हाही पट्टाच, खांब नाही. सुमारे ५०० मीटर : भारताची आशियाशी टक्कर, हिमालयाची सुरुवात. त्याच्या पलीकडे, ५४० मीटरच्या आसपास, गुजरातेतल्या वस्तान लिग्नाइट खाणीतले सस्तन प्राणी. ६५६ ते ६६४ : दख्खनचा लाव्हा. त्यातला बहुतांश भाग दहा लाखांहून कमी वर्षांत ओतला गेला, म्हणून सह्याद्रीपासून इथपर्यंतचा तो सगळा काळा दगड रेषेवर आठ-दहा पावलांत येतो. ६६० : मेक्सिकोत उल्का आदळली, डायनोसॉर संपले (पक्षी त्यांच्यातलेच, ते उरले).

७० ते ५०० मीटरच्या मध्ये दगड फार थोडे आहेत. तिथे आणखी खुणा घालाव्यात असा आग्रह होता. घातल्या नाहीत. ती रिकामी चाल हीच या रेषेतली सगळ्यात खरी गोष्ट आहे.

३ मीटरच्या दगडावर आणखी एक ओळ : सस्तन प्राण्यांची एखादी जात साधारण दहा लाख वर्षं टिकते असा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे दहा मीटर. आपण तीनवर आहोत. एवढंच लिहायचं, भाकीत नाही.

६ एप्रिल : शिवारातली नोंद

पऱ्हाटी उपटून झाली, वखरणी झाली, वावरं उघडी आहेत. मालकाची परवानगी घेऊनच पाय ठेवायचा आणि काहीही उचलायचं नाही. फोटो, माप, जागेची नोंद, आणि वस्तू होती तशी.

वेळ सकाळी सात ते नऊ. तिरप्या उन्हात पृष्ठभागाचे खड्डे-रेषा दिसतात. दहानंतर सगळं सपाट दिसतं आणि उन्हाने माणूसही निकामी होतो.

काय कशाशी गोंधळतं : मातीतले चुन्याचे कंकर आणि गारगोटीचे गोटे हाडासारखे वाटतात. दहापट भिंगातून हाडात बारीक छिद्रांची जाळी दिसते, कंकरात दिसत नाही. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा (१० टक्के) थेंब कंकरावर जोरात फसफसतो. पण हाडाच्या छिद्रांत चुना भरला असेल तर तेही फसफसतं, म्हणून नुसत्या या चाचणीवर जाऊ नये आणि चांगल्या नमुन्यावर ती करूही नये.

नाल्याच्या दरडीत दिसलं तर थर लिहायचा : वरून किती, माती कोणत्या रंगाची, वर-खाली काय. वखरलेल्या वावरात दिसलं तर फक्त वावर लिहायचं. ते हाड पिढ्यान्‌पिढ्या वखराने इकडून तिकडे गेलेलं असतं, त्याचा थर हरवलेला असतो. वावरातल्या ढिगाला ‘थर’ म्हणून नोंदवणं ही या परिसरातली नेहमीची आणि भरून न निघणारी चूक.

एक विष्ठाश्म, जवळून : लांबी ६२ मिमी, जाडी ४१. मातकट राखाडी, एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला तुटलेला. अंगावर आडव्या बारीक वळ्या, एका बाजूला चपटा, जणू ओला असताना जमिनीवर टेकला तसाच घट्ट झाला. तुटलेल्या कडेला कवचासारखा बाहेरचा थर वेगळा दिसतो. बाहेर सुकण्याच्या भेगा, आणि भेगांमध्ये आजच्या काळ्या मातीचे कण.

हाड वर्षानुवर्षं वाढत जातं, त्यात वर्षं असतात. विष्ठाश्मात एक दिवस असतो. कुणीतरी चरलं, पचवलं, टाकलं. तो एक दिवस शाबूत आहे आणि तो कोणत्या वर्षातला, कोणत्या लाखातला, हे सांगता येत नाही.

२० एप्रिल : विष्ठाश्माच्या फलकाचा मजकूर

सी. ए. मॅटली यांनी १९३९ मध्ये पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांची प्रकारवार मांडणी केली. मोठे, ‘अ’ प्रकारचे, टायटॅनोसॉरांचे (लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या मोठ्या डायनोसॉरांचे) मानले जातात, कारण त्याच थरांत त्यांची हाडं मिळतात. हा सहवासावरून काढलेला निष्कर्ष आहे. फलकावर ‘मानले जातात’ हेच शब्द राहतील.

२००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी या विष्ठाश्मांत गवताचे फायटोलिथ दाखवले. फायटोलिथ म्हणजे झाडाच्या पेशींत साठलेले सिलिकाचे कण. पान कुजतं, ते उरतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचा गट ओळखता येतो. तोवर गवत बरंच नंतरचं समजलं जात होतं. २०११ मध्ये त्यांतले काही कण भाताच्या कुळाशी जोडले गेले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानकऱ्याला हे वाचायला मिळायलाच हवं : धानाचे नातलग इथे डायनोसॉरांच्या पोटात गेले होते.

याच कामात सगळ्यात मोठा धोका काय, तेही फलकावर. आजच्या शिवारात गवत, ज्वारी, धान यांचे फायटोलिथ धुळीत असतातच. भेगांतली माती आत गेली की आजचं गवत साडेसहा कोटी वर्षांचं दिसू लागतं. म्हणून प्रयोगशाळेत बाहेरचा थर पूर्ण खरवडतात, आतला गाभा घेतात, आम्लाने चुना आणि ऑक्सिडीकरणाने सेंद्रिय भाग काढतात, सुमारे २.३ घनतेच्या जड द्रवात सिलिकाचे कण तरंगवून वेगळे करतात. आणि भोवतालची माती त्याच पद्धतीने शेजारी चालवतात. मातीत जे सापडलं ते विष्ठाश्मातून वजा. ही तुलना नसेल तर निष्कर्ष ठेवू नये.

डोंगरगावला सापडलेल्या टायटॅनोसॉरच्या सांगाड्याला वेगळा फलक. सोहन जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन केलं. २००३ पासून तो आयसिसॉरस नावाने ओळखला जातो, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. पिसदुऱ्याला सुटी, मोडकी हाडं; डोंगरगावला एकाच प्राण्याची अनेक हाडं एकत्र. याच भागात दोन तऱ्हेची मरणं टिकली : एक पाण्याने विखुरलेलं, एक लवकर गाडलं गेलेलं.

४ मे : चालण्याची दिशा

दोन्ही दिशांनी गट चालवून पाहिले. न थांबता दहा-बारा मिनिटं, थांबत पाऊण ते एक तास.

ठरलं : शून्यापासून मागे. जुन्या टोकाकडून चालत आलं की प्रत्येक दगड पुढच्याची तयारी वाटतो आणि शेवटी माणूस येतो, जणू सगळं त्याच्यासाठीच चाललं होतं. मागे चालत गेलं की पहिल्या पावलातच आपण मागे पडतो आणि उरलेली रेषा आपल्याशिवाय चालू राहते. ती तशी चालली होती, म्हणून तशीच चालायची.

शाळेच्या मुलांना शून्याजवळ आजी-आजोबांचं वय पट्टीवर दाखवायला सांगावं. मोठ्यांना काही सांगू नये, ते आपोआप वाकतात.

मे ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत नऊनंतर चाल बंद. वाटेत सावली दोनच बाभळींची.

२२ जून : पहिल्या पावसानंतर

मृगाच्या सरींनी वावरं धुतली गेली, नवे तुकडे वर आले. हाच काळ हाडं दिसण्याचा, आणि हाच पेरणीचा. पेरलेल्या वावरात कुणीही जायचं नाही. नाल्याच्या दरडी तेवढ्या धुऱ्यावरून पाहायच्या.

पांढऱ्या गोट्यांचा पट्टा ६८० ते ६९५ मध्ये चिखलात बुडाला. गोटे ४ सेंमीचे होते, ते ८ ते १० सेंमीचे लागतील. खाली मुरमाची पट्टी द्यावी लागेल.

१८ ऑक्टोबर : खांबांची तपासणी

ओळंबा माथ्यावरून सोडून जमिनीलगतचं अंतर मोजलं. ७० सेंमी उंचीत १ सेंमीपर्यंत कल चालतो. ३०० आणि ४०० या खांबांचा कल त्याहून जास्त. दोन्ही ठिकाणी धुऱ्याचं पाणी खांबाच्या बुडाशी येतं. खांब काढून पुन्हा रोवण्याआधी चर काढून पाणी वळवायचं, नाहीतर पुढच्या पावसात तेच.

पट्टीची मोकळीक साफ केली, आत माती भरली होती. ०.८च्या रेघेवर बोटांचा मळ साचतो, ती सगळ्यात जास्त हाताळली जाते. तारेचा ब्रश नको, कोरणी झिजते. ओलं फडकं आणि बांबूची काडी.

३०० आणि ४०० पऱ्हाटी निघाल्यावर, फेब्रुवारीत, माती आकसलेली असताना बसवायचे.